कारगिलच्या एमआय-१७ चा हिशेब लावून देणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

कारगिल विजय दिनासाठी वाचनालयात मांडलेलं एमआय-१७ हेलिकॉप्टरचं प्रदर्शन आता पंचक्रोशीतल्या शाळांकडे निघालं आहे. त्यातला एकूण एक आकडा तुम्ही तपासून दिला, त्याबद्दल हे जाहीर आभार. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की तुम्ही वायुसेनेत हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर फिटर होता आणि आता कपाशी-तूर करता.

प्रदर्शनाचा विषय एकच यंत्र आहे, २८ मे १९९९ ला द्रासजवळ तोलोलिंग शिखरावर पाडलं गेलेलं. त्या प्रसंगाची पोस्टरं सगळीकडे मिळतात आणि बहुतेकांवर यंत्रच भलतं असतं. तुम्ही पहिल्यांदा तेच निस्तरलं. पोस्टरवर असतो एमआय-१७ व्ही-५. पुढे डॉल्फिनसारखं चोचीचं नाक आणि मागे खाली उघडणारा सपाट रॅम्प. त्या यंत्रांचा करार २००८ चा आणि ती वायुसेनेत आली २०१२ पासून. १९९९ च्या यंत्राचं नाक गोल आणि काचांचं होतं, मागे शिंपल्यासारखी दोन बाजूंना उघडणारी दारं होती. जुन्या एमआय-८ पासून ते ओळखायची खूणही तुम्ही दिलीत : शेपटीचा पंखा एमआय-८ ला उजवीकडे आणि एमआय-१७ ला डावीकडे. फोटो उलटा छापला गेला असेल तर याच खुणेवर फसगत होते, म्हणून आधी अंगावरचा क्रमांक सुलट वाचता येतो का ते बघायचं, ही पुस्ती तुमचीच.

मॉडेल १:१० मापाचं आहे. मुख्य पंख्याचा व्यास २१.३ मीटर, म्हणून आपला २ मीटर १३ सेंटिमीटर. पात्याची रुंदी ५२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे ५.२. शेपटीचा पंखा तीन पात्यांचा, ३.९ मीटरचा, आपला ३९ सेंटिमीटर. मुख्य पंख्याची पाती पाच, एकमेकांपासून ७२ अंशांवर. सायकलचा हब त्यासाठी चालत नाही, कारण त्याला सहसा ३६ भोकं असतात आणि ३६ ला पाचाने भाग जात नाही. प्लायवूडची चकती कापून कोनमापकाने खुणा करायच्या आणि हब फक्त बेअरिंगपुरता खाली बसवायचा, ही तुमची युक्ती. पंखा वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून पात्याची जाड कड त्या दिशेला हवी. अमेरिकी हेलिकॉप्टर बहुधा उलट फिरतात. त्यांच्या फोटोवरून पाती बसवली तर दिसायला सगळं ठीक असतं आणि यंत्र मात्र उडणारं नसतं.

पात्याच्या आत काय असतं, ते तुमच्याशिवाय कोणी सांगितलं नसतं. कणा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पोकळ आणि दाबाने हवा भरलेला. कुठे बारीक तडा गेला की हवा निसटते, दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी बसवलेल्या दर्शकात लाल पट्टा दिसतो. उड्डाणापूर्वी फिटर वर चढून पाचही दर्शक बघतो. एकात जरी लाल दिसलं तरी यंत्र जमिनीवर. हा तक्ता मॉडेलच्या शेजारी लावला आहे आणि पोरं सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळतात. चालू करण्याचा क्रमही लिहिला आहे : आधी वरचं छोटं सहायक इंजिन एआय-९व्ही, त्याच्या दाबाच्या हवेवर एक मुख्य इंजिन, मग दुसरं. मुख्य इंजिनं टीव्ही३-११७, प्रत्येकी १,९०० अश्वशक्तीच्या वर.

आता यंत्राच्या नोकरीचा इतिहास. एमआय-८ आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त झालं. एमआय-१७ आलं १९८० च्या दशकाच्या मध्यात. सांगाडा जवळपास तोच, इंजिनं आणि गिअरबॉक्स जास्त ताकदीचे. जास्तीत जास्त वजन १३ टन, पोटात २४ जवान किंवा समुद्रसपाटीला ४ टन माल. म्हणजे हे माल आणि माणसं वाहणारं यंत्र. तुम्ही हे वाक्य फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलंत, आणि पुढचं सगळं त्यातूनच उलगडत गेलं.

कारगिलमध्ये या यंत्राच्या कुशीला रॉकेटचे चार पॉड, म्हणजे रॉकेट डागायच्या नळ्यांचे जुडगे, लावले. रॉकेट ५७ मिलिमीटरचं. पॉड १६ नळ्यांचा असतो तसा ३२ नळ्यांचाही. मोठा पॉड भरलेला असला की अडीचशे किलोच्या वर जातो, म्हणजे असे चार लावले तर एक टनाहून जास्त. मॉडेलवर ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि आत शीतपेयाच्या नळ्या बसवल्या आहेत. मापात त्या जवळपास तंतोतंत बसतात.

टन म्हणजे काय, हे उंचीवर कळतं. तोलोलिंगच्या माथ्याचं लष्करी नाव पॉइंट ४५९०, कारण उंची ४,५९० मीटर. प्रमाण हवामानात तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के. पात्याला धरायला हवा कमी आणि इंजिनाला ओढायलाही हवा कमी, म्हणजे मार दोन्हीकडून. इथल्या माणसाला पटावं म्हणून तुम्ही नागपूरचा हिशेब मांडून दाखवलात. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की इथली हवा १,३०० ते १,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. गडचिरोलीत मतदान पथकं घेऊन जाणारं हेलिकॉप्टर सकाळी जेवढी माणसं उचलेल तेवढी भर दुपारी उचलेलच असं नाही, ते याचमुळे. आणि इथे तर फक्त उन्हाचा प्रश्न आहे.

विरळ हवेत तेवढाच भार उचलायला पात्याचा कोन वाढवावा लागतो. यंत्र पुढे जाताना डाव्या बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, उजव्या बाजूचं मागे येतं. मागे येणाऱ्या पात्याला वारा आधीच कमी. त्यात कोन वाढलेला, म्हणून हवेचा प्रवाह पात्यावरून सुटतो, यंत्र थरथरतं आणि कलायला लागतं. ते टाळायचं तर वेग कमी ठेवायचा. पुस्तकातला २५० किलोमीटरचा कमाल वेग तिथे मिळत नाही. तीव्र वळण घ्यायलाही जास्त उचल लागते, आणि ती शिल्लक नसते. म्हणजे जिथे चपळाईची सगळ्यात जास्त गरज तिथेच हे यंत्र सगळ्यात जड झालेलं. पोस्टरवाले इथे ‘शूरपणे झेप घेतली’ असं लिहितात. शौर्य होतंच. पण ते नेमकं कशात होतं, ते हा हिशेब कळल्यावरच समजतं.

तारखांचा तक्ता तुमच्या सांगण्यावरून मागे नेऊन २१ मे पासून सुरू केला, तेही बरंच झालं. त्या दिवशी टेहळणीवर गेलेल्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं, तरी विमान परत आलं. डोंगरावर खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं आहेत, हे तेव्हाच उघड झालं. २६ मे ला ऑपरेशन सफेद सागर सुरू झालं. २७ ला एका मिग-२७ चं इंजिन बंद पडून फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता शत्रूच्या हाती सापडले आणि त्यांचा ठावठिकाणा शोधणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. २८ ला १५२ हेलिकॉप्टर युनिटची एमआय-१७ तोलोलिंगवर गेली. गटाचं सांकेतिक नाव नुब्रा. रॉकेट डागून वळताना त्यातल्या एकाला स्टिंगर, म्हणजे तसलंच खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र, लागलं. आतले चौघेही गेले.

स्टिंगरबद्दल गावात ऐकलेल्या गोष्टी फार आणि माहिती थोडी, म्हणून तो तक्ता सविस्तर ठेवला. क्षेपणास्त्र सुमारे १० किलोचं, एक माणूस डागू शकतो, पल्ला साडेचार किलोमीटरच्या वर, वेग आवाजाच्या दुपटीहून थोडा जास्त म्हणजे सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास. दोन किलोमीटरवरून सुटलं तर पोचायला तीन-चार सेकंद. तेवढ्यात हेलिकॉप्टर पूर्ण वेगात असलं तरी पावणेतीनशे मीटरच सरकतं. मैदानात हे शस्त्र खालून वर मारायचं असतं आणि चढण्यात त्याची ताकद खर्च होते. तोलोलिंगवर डागणारा स्वतःच कड्यावर बसलेला, त्यामुळे हेलिकॉप्टर त्याच्या बरोबरीला किंवा खाली. एरवी उंचीचा जो आसरा असतो तो इथे पायलटच्या बाजूने नव्हता.

क्षेपणास्त्राचा डोळा उष्णता शोधतो. एमआय-१७ ची दोन्ही इंजिनांची धुराडी कुशीतून बाजूला उघडतात, म्हणजे वळताना एक तरी त्याला दिसणारच. बचाव दोन प्रकारचा. धुराड्यावर बसणाऱ्या पेट्या, ज्या गरम वायूत थंड हवा मिसळतात. त्यांनी थोडी ताकद जाते आणि वजन वाढतं. दुसरा बचाव फ्लेअरचा. एएसओ-२व्ही या पेटीत ३२ काडतुसं असतात. ती ठरावीक अंतराने सुटतात आणि प्रखर जळून डोळ्याला दुसरीकडे ओढतात. यातही चुकतं कुठे ते तुम्ही सांगितलंत. क्षेपणास्त्र दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. धोक्याच्या टप्प्यात शिरतानाच सोडायला सुरुवात करावी लागते, आणि मग पेटी लवकर संपते. शिवाय स्टिंगरच्या नंतरच्या आवृत्त्यांचा डोळा उष्णतेबरोबर अतिनील किरणंही बघतो, त्यामुळे फ्लेअर आणि इंजिन यांतला फरक त्याला बऱ्यापैकी कळतो. फ्लेअर म्हणजे कवच नव्हे, पण संधी नक्की देतं. २८ मे ला पडलेल्या यंत्रावर ते संरक्षण नव्हतं.

चौघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात लिहा, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट सुब्रमण्यम मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद, सार्जंट राज किशोर साहू. बऱ्याच फलकांवर पहिली दोन मोठी आणि पुढची दोन ‘व इतर’ मध्ये जातात. फिटरच्या नजरेला ते खटकणारच. आमच्या फलकावर चारही ओळी सारख्या आहेत, आणि ज्या शाळेत प्रदर्शन जाईल तिथेही तशाच राहतील.

शेवटचा तक्ता पुढे काय झालं त्याचा. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टर लगेच मागे घेतली. डोंगरावरचा मारा उंचावरून करायचं ठरलं. १७ जूनला मिराज-२००० नी मुंथो ढालोचा शत्रूचा रसदतळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले. तोलोलिंग १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने पायी चढून घेतलं. एमआय-१७ जखमी आणणं आणि रसद नेणं, हे आपलं मूळ काम करत राहिलं. ही ओळ बहुतेक प्रदर्शनांत नसते, जणू २८ मे ला यंत्राची कथाच संपली.

प्रदर्शन नेणाऱ्या शाळांसाठी तुमच्या सूचना इथेच देतो. वर्गाच्या दारातून सव्वादोन हात पंखाही जाणार नाही, मग २ मीटर १३ सेंटिमीटरचा विषयच नको. पाती काढूनच न्यायची. प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक ते पाच आकडा आहे, त्याच क्रमाने परत बसवायची, नाहीतर तोल जाऊन हब डुगडुगतो. पाती बांबूच्या कामट्यांची आहेत, पावसाळ्यात ओल धरली की वाकतात. उभी टेकवून ठेवू नका, सपाट ठेवा. पंखा हाताने फिरवायचा, ड्रिल मशीन लावायचं नाही. खऱ्या यंत्रात तो मिनिटाला १९२ फेरे घेतो आणि पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २१४ मीटर असतो, हे सांगितलं की पोरांना ड्रिलची हौस होते. शेपटीच्या पंख्याची पिन सैल आहे, तिला सुताराने फेव्हिकॉल लावू नये. आटे बदलून द्यायचं तुम्ही कबूल केलं आहे.

गिअरबॉक्सचा आडवा छेद अजून कागदावरच आहे. वेचणी आटोपली की तेवढा समजावून द्या काकाजी. प्लायवूड आणून ठेवलं आहे.

आपली,
गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मंडळी
जिल्हा यवतमाळ