माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या एका सभासदाला आजोबांची वही सापडली. लाल कापडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आत गणपतीतल्या मेळ्याची पदं. निम्मी मराठी, बाकीची तेलुगू, पण लिहिलेली सगळी देवनागरीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल, समासात पेटीची पट्टी. आणि शेवटच्या पानावर तालमीची हजेरी: कोण आलं, कोण रातपाळीला गेलं. त्याच घरातल्या कॅसेट मात्र आदल्या वर्षीच भंगारात गेल्या होत्या. आजोबांचा आवाज त्यांत होता.

म्हणून आमच्या मंडळाचं सोलापूरकरांना हे आवाहन.

शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. त्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण १८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी निघाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच भोंग्यावर उठू लागली. पाळी सुटल्यावर हीच माणसं भजनाला बसली. कुणी मार्कंडेयाच्या रथापुढे गायलं, कुणी विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझमाला हलगीचा ठेका दिला, कुणी लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट फुंकलं. त्यांची नावं आता घराघरांतच उरली आहेत, तीही बहुधा एकाच म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी.

पदांच्या वह्या, मेळ्याची हस्तपत्रकं, भजनी मंडळाचे फोटो, बँडवाल्यांच्या सुपारीच्या पावत्या, घरी भरलेल्या कॅसेट, ७८ गतीच्या जुन्या तबकड्या, सगळं हवं आहे. ‘यात काय विशेष’ असं वाटलं तरी आणा. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर किंवा त्यानंतर फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांवर रचलेलं एखादं पद, अगदी दोन ओळींचं, कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. वह्या-फोटो तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच हातात देऊ. कॅसेटला चार-पाच दिवस लागतील, त्याची लेखी पोच मिळेल. कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही, हे घरच्यांनीच सांगायचं.

एक विनंती: बुरशी धरलेली कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून टेपमध्ये घालू नका. फीत चिकटलेली असली तर तिथेच तुटते. तबकड्या आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवा. आणि उन्हाळा लागायच्या आत माळ्यावरून सगळं खाली काढा. सोलापुरात पत्र्याखालची धग काय असते हे आपल्याला सांगायला नको.

मंडळाला दोन चालू स्थितीतले कॅसेट डेक हवे आहेत, आणि ते दुरुस्त करणारा जुना कारागीरही. पडून असलेला डेक देणगी म्हणून द्या. हार्ड डिस्कसाठी रोख मदतही चालेल, रकमेची पावती मिळेल. तेलुगू, कन्नड आणि उर्दू नीट वाचणारे तरुण महिन्यातून दोन रविवार देऊ शकले, तर अर्धं काम तिथेच होईल.

दर रविवारी सकाळी १० ते १ आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसतो. फोटो आणाल तेव्हा त्यातले चेहरे ओळखणारं घरातलं वडीलधारं माणूस सोबत आणा. त्यांना जिना चढवत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ.

– कार्यकारिणी