वॉरंट काढले, पण वसुली कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महारेराने, म्हणजे राज्यातील गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, बिल्डरांविरुद्ध वसुली वॉरंट काढल्याची बातमी आपण कालच्या अंकात ‘घरखरेदीदारांना दिलासा’ अशा मथळ्याखाली छापली. तसलेच एक वॉरंट माझ्याकडेही आहे, म्हणून हे पत्र.

ताबा रखडल्याने २०१६च्या रेरा कायद्यातील कलम १८ खाली माझी रक्कम सव्याज परत करण्याचा आदेश झाला. बिल्डरने तो पाळला नाही, तेव्हा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे मालमत्ता जप्त करून व लिलावात काढून, वसुली करण्यासाठी वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि तेथून तहसील कार्यालयात पोहोचले. तेथील कारकुनाने फाइल उघडून, दिलेल्या पत्त्यावर आता दुसऱ्याच कंपनीची पाटी असल्याचा अहवाल मला दाखवला आणि माझ्याच अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून दिले : बिल्डरच्या नावचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, चतुःसीमा (जमिनीच्या चारही हद्दी), बोजा (जमिनीवरचे कर्ज) असल्यास तपशील. हे सगळे मी आणून दिल्यावर जप्तीचा विचार होणार! घरभाडे आणि गृहकर्जाचा हप्ता एकाच पगारातून भरणाऱ्या माणसाने नोकरी सांभाळून बिल्डरच्या जमिनी हुडकत फिरावे, हा सरळसरळ अन्याय आहे. त्या कारकुनावर माझा राग नाही. त्याच्या टेबलावर निवडणुकीपासून पंचनाम्यांपर्यंत सगळीच कामे पडलेली असतात.

वास्तविक ही माहिती महारेराकडे आधीच असते. प्रकल्पाची नोंदणी करतानाच बिल्डरला जमिनीच्या मालकीची कागदपत्रे द्यावी लागतात, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम ज्या स्वतंत्र खात्यात ठेवायची त्या खात्याचा तपशील द्यावा लागतो आणि किती सदनिका विकल्या गेल्या हे दर तिमाहीला संकेतस्थळावर भरावे लागते. मग सर्व्हे नंबर आणि न विकलेल्या सदनिकांची यादी वॉरंटालाच का जोडली जात नाही? मुद्दल आणि व्याज दोन्ही महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे अधिकार अपुरे असल्याची सबब कोणालाच सांगता येणार नाही. यादी हाती येईपर्यंत बिल्डर उरलेल्या सदनिका विकून मोकळा होतो आणि लिलावाला काही उरत नाही, ही माझी खरी भीती आहे.

जाता जाता आपल्याबद्दलही एक तक्रार. कालच्याच अंकात एका गृहप्रकल्पाची पानभर जाहिरात आहे. जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, पण या जाहिरातीत तो तळाशी इतका बारीक छापला आहे की माझ्या मोबाइलला तो वाचताच आला नाही. जाहिरात स्वीकारताना आपल्या विभागाने एवढे तरी तपासावे. आणि वॉरंट किती निघाली हे छापताना, त्यांपैकी किती रकमेची वसुली प्रत्यक्ष खरेदीदारांच्या खात्यात जमा झाली, हेही जिल्हाधिकारी कार्यालयांना विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक सदनिका खरेदीदार