छायाचित्र प्रदर्शनांत स्थिरचित्रांनाही जागा हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नागपुरात हौशी छायाचित्रकार पुष्कळ आहेत. पण कॅमेरा हाती आला की पावले ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याकडे वळतात आणि प्रदर्शनांच्या भिंतींवर वाघ, पक्षी व मारबतीची मिरवणूक यांचीच छायाचित्रे प्रामुख्याने दिसतात. ती पाहायला मलाही आवडतात. मात्र घरात साठलेल्या साध्या वस्तू मांडून काढलेल्या रंगीत स्थिरचित्रांसाठी तिथे सहसा कोपराही राखलेला नसतो.

छायाचित्रणाची सुरुवातच अशा वस्तूंच्या सोबतीने झाली आहे. छायाचित्रणाचे फ्रेंच आद्य संशोधक लुई दागेर यांनी १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती मांडून छायाचित्र घेतले, त्यांचे इंग्रज समकालीन संशोधक टॅलबॉट यांनी चिनी मातीची भांडी फळ्यांवर ओळीने रचून घेतले; आणि ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या रंगीत छायाचित्रांच्या काचेवर तर रंगवलेल्या बटाट्याच्या पिठाचे कणच रंग गाळण्याचे काम करीत.

तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी नंदी, फुटक्या बांगड्या, दोऱ्याची रिकामी रिळे, बाटल्यांची झाकणे, संत्र्याची वाळलेली साल असा ऐवज कोणत्याही घरात सापडतो. तीच साल पांढऱ्या ताटात फिकी वाटते आणि गडद निळ्या कागदावर ठेवली की उजळून उठते; रंगाला शेजार कसा लागतो, हे मुलांना असे प्रत्यक्ष मांडूनच उमगते. थेट ऊन न येणारी खिडकी आणि सावलीच्या बाजूला धरलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा एवढ्यावर काम भागते. घरातले दिवे मात्र बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारचा प्रकाश मिसळला की पांढरी वस्तू एका अंगाने पिवळट आणि दुसऱ्या अंगाने निळसर दिसू लागते. वैशाखात दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेव्हा मुलांना याहून चांगला उद्योग मला तरी सुचत नाही.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणारी मुले स्थिरचित्र रंगवतातच, त्यामुळे मांडणी शिकवू शकणारे कलाशिक्षक शाळाशाळांत आहेत. तेव्हा १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त प्रदर्शने व स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी स्थिरचित्रांचा स्वतंत्र विभाग ठेवावा, मोबाइलवर काढलेली छायाचित्रेही स्वीकारावीत आणि आपल्या रविवार पुरवणीनेही त्यांतील निवडक रंगीत छापावीत, अशी विनंती आहे. वस्तू विकत आणलेल्या नसाव्यात, घरातून किंवा गल्लीतून गोळा केलेल्या असाव्यात, एवढी एकच अट पुरेशी होईल.

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका, नागपूर