पम्या, आधी डोळ्यात काही घालायचं थांबव

नाशिक, बुधवार रात्र

प्रिय पम्या,

तुझा तो पावणेदोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, त्यातला एक मिनिट तर नुसता तू मॅनेजरला शिव्या घालतोयस, पण मुद्दा कळला. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखं वाटतं, सकाळी पापण्या जड, आणि मधेच धार लागते. आणि तू म्हणतोस की डॉक्टर म्हणाले डोळे कोरडे पडलेत, आता पाणी गळतंय आणि म्हणे कोरडे, म्हणजे डॉक्टर येडा आहे. डॉक्टर येडा नाहीये. मलाही दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, जीएसटी रिटर्नच्या सीझनमध्ये, दोन स्क्रीन समोर आणि डोक्यावर एसी. म्हणून म्हटलं मेसेज नको, नीट लिहूनच पाठवतो, तसंही तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तूच बोलतोस.

तर बघ, डोळ्यावर नुसतं पाणी नसतं, त्या पाण्यावर तेलाचा एक पातळ थर असतो. हे तेल पापणीच्या कडेला ज्या बारीक ग्रंथी असतात त्यातून येतं, वरच्या पापणीत 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. तेल घट्ट होऊन ती तोंडं बंद झाली की वरचं झाकण गेलं, पाणी भराभर उडतं, डोळा चिडतो, आणि चिडला की घाईघाईने भळाभळा पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावर येतं. म्हणून तू रडतोस पण डोळा कोरडाच. मला हे कळलं तेव्हा इतकं हसू आलं कारण तोपर्यंत मी सहा महिने डोळ्यात काय काय घातलं होतं ते विचारू नको.

सांगतोच. पहिलं गुलाबजल, देवघरातल्या बाटलीतलं. ती बाटली दिवाळीपासून उघडी, डोळ्यात टाकलं आणि पाच मिनिटं बेसिनला टेकून उभा. मग मावशीने मध सांगितला, ‘डोळे स्वच्छ होतात रे’, झाले, चिकट झाले. मग एकाने त्रिफळ्याच्या पाण्याने धू सांगितलं, रात्रभर भिजवलेलं, त्यात काय काय वाढत असेल देव जाणे. मला यातला एकही उपाय देणारा माणूस वाईट वाटत नाही, सगळे प्रेमाने सांगतात. पण गंमत बघ, प्रत्येकाचा उपाय ‘डोळ्यात काहीतरी घाल’ असाच, आणि गडबड होती पापणीत. घरात उकळलेलं, गाळलेलं काहीही असलं तरी ते डोळ्यात जाण्याइतकं जंतुरहित नसतं रे.

आता तू काय करायचं. शेक दे. टॉवेल गरम पाण्यात पिळून ठेवला की एक-दोन मिनिटांत गार होतो, काही उपयोग नाही, मी आठवडाभर तेच करत होतो. मग बायकोने जुन्या सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरून गाठ मारून दिली, ते तव्यावर मंद गरम करायचं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, सोसेल एवढंच, मग डोळे मिटून पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. दिवसातून दोनदा. चटका बसेल इतकं गरम केलंस तर शिव्या खाशील, पापणीची कातडी फार पातळ असते. शेक झाला की बोटाने हलकं हलकं, वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे कडेकडे, तेल बाहेर यावं म्हणून. बुबुळावर दाबायचं नाही. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणीची कड पुसून घे. दोन-तीन आठवडे लागले मला फरक पडायला, दुसऱ्या दिवशी ‘काही होत नाहीये’ असा मेसेज टाकू नकोस.

(खाज सुटत असेल, म्हणजे नुसती खाज, तर गरम नको, गार पाण्याच्या घड्या ठेव. आणि चोळू नको. तू चोळतोस, मला माहितीये, हॉस्टेलवरच्या बल्बखाली परीक्षेच्या रात्री तेच करायचास.)

दुसरी गोष्ट पापणी लवायची. साधारण आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते, स्क्रीनकडे बघताना निम्म्याहून कमी, आणि तीही अर्धवट. माझ्या मॉनिटरवर बायकोने चिठ्ठी चिकटवली होती, ‘डोळे मिट’, ऑफिसातल्या पोरांनी त्यावर जाम टिंगल केली. मी एक सवय लावून घेतली, फाईल सेव्ह केली की डोळे पूर्ण मिटून उघडायचे, दोनदा. आणि वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर वीस फुटांवरचं काहीतरी बघायचं, माझ्या खिडकीबाहेर पेरूचं झाड आहे, त्याला आता माझी सवय झालीये. मॉनिटर जरा खाली घे, नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो. एसीची झडप चेहऱ्यावरून हलव, रात्रीचा पंखाही.

थेंब टाकायचेच असतील तर डॉक्टरांना विचारून साधे कृत्रिम अश्रू घे, कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज असं लांबलचक नाव असतं त्यावर. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे माग. बाटली उघडली ती तारीख पेनने लिही, बऱ्याच बाटल्या महिनाभरानंतर टाकून द्याव्या लागतात.

आणि आता जे ऐकून माझी झोप उडाली ते. तू म्हणालास मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिलाय, ‘एकदम भारी, दहा मिनिटांत लाली गायब’. पम्या, बाटलीवर बघ. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत चांगलंच औषध आहे, पण मनाने महिना-महिना टाकलं तर डोळ्यातला प्रेशर वाढतो, काचबिंदू, मोतीबिंदू, आणि आत काही इन्फेक्शन असेल तर ते आतल्या आत फोफावतं, वरून डोळा मात्र पांढराशुभ्र. वाळव्याचे आमचे काका आठवतात ना, उसाचं पात लागलं होतं डोळ्याला? तेव्हा असलेच थेंब टाकत बसले होते, बुरशी निघाली, आणि आता त्या डोळ्यात फूल आहे, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग.

म्हणून दुखायला लागलं, उजेड सहन होईना, अंधुक दिसलं, किंवा चिपडं पिवळी-हिरवी यायला लागली तर शेक-बिक सोडून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी. लेन्स लावत असशील तर आत्ताच काढ, डोळा लाल असताना लेन्स म्हणजे वेडेपणा. डोळे आलेत असं वाटलं, 2023 च्या जुलैत आळंदीकडे साथ आली होती तसं, तर टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेव, हात धू. काळ्या चष्म्याने साथ अडत नाही, लागण हाताने होते, नजरेने नाही.

तांदळाचा मोजा वहिनींना करायला सांगू नको, स्वतः शिव. आणि त्या मेडिकलवाल्याच्या बाटलीचा फोटो आत्ता पाठव, दोन्ही बाजूंचा. मग जेव.

तुझा,
बाळ्या

ता. क. उत्तर लिहून नको, स्क्रीन बंद कर.