आजीची विद्या शिकावी, ती पूड नको

मेक्सिकोत आणि सीमेपलीकडच्या अमेरिकेत आजीच्या हाताखाली ‘कुरांदेरिस्मो’ ही लोकवैद्यकी शिकणाऱ्या वयात येणाऱ्या मुलींना अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दचकलेल्या मुलाच्या अंगावरून अख्खं अंडं उतरवायचं, ते पाण्याच्या पेल्यात फोडून बघायचं, सतापाच्या जुडीने अंग झाडायचं. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो, त्याच जातीचं हे काम. त्या निमित्ताने कुणीतरी मुलाजवळ शांत बसतं, हे थोडं नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठानेही या विषयाचा उन्हाळी अभ्यासक्रम चालवला आहे.

पण पोट धरलेल्या लेकरांना तिथे ‘आसार्कोन’ नावाची केशरी पूड चाटवण्याची जुनी रीत आहे. ही पूड म्हणजे शिशाचं ऑक्साइड. मारुतीला लावतात त्या पारंपरिक शेंदुराचंच द्रव्य! पिवळी ‘ग्रेता’ही शिशाचीच. १९८०च्या दशकात अमेरिकेत यातून मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. शिसं कोवळ्या मेंदूला कायमची इजा करतं. शिकवणाऱ्या आज्यांनी झाडपाल्याआधी, पहिल्याच दिवशी, नातींना हे बजावून सांगायला हवं.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली