टेरिटोरियल आर्मीची तयारी पोलीस भरतीच्या मापाने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नुसते 'टीए' म्हणतात त्या प्रादेशिक सेनेच्या भरती मेळाव्याची बातमी वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा तिच्यात तारीख, मैदान, वयोमर्यादा आणि 'तरुणांनी मोठ्या संख्येने लाभ घ्यावा' असे एक ठरावीक वाक्य, एवढाच मजकूर असतो. तरुण मोठ्या संख्येने येतात याबद्दल कोणालाच शंका नाही. परंतु ज्या सेनेसाठी ते येतात तिचे स्वरूप त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि स्वरूपच ठाऊक नसल्यामुळे त्यांची तयारीही भलत्याच परीक्षेची झालेली असते. मी कागल तालुक्यातील एका शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो असून गावच्या मैदानावर पहाटे पळायला येणाऱ्या मुलांकडे लक्ष देण्याचे काम अजून करतो. तेथे जे दिसते त्याच्या आधारे काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे, विशेषतः या मुलांच्या पालकांपुढे, मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रादेशिक सेना 1948 च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी काम केले आहे. कोल्हापूरची 109 आणि पुण्याची 101 या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आपल्या भागात परिचित आहेत. मराठवाड्यात झाडे लावण्यासाठी उभारलेली पर्यावरण बटालियनही याच सेनेचा भाग आहे. पण मूळ कल्पना अशी की, हा सैनिक आधी नागरिक असतो. तो आपला नोकरीधंदा करतो, वर्षातून ठरावीक काळ, पायदळाच्या तुकडीत साधारण दोन महिने, प्रशिक्षणाला जातो आणि गरज पडली की सरकार त्याला बोलावून घेते. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएला पाचारण करण्याचे अधिकार दिले आणि 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन बोलावण्यास मंजुरी दिली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पगार मिळतो तो सेवेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी बोलावलेल्या काळाचा. निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेची बरीच वर्षे भरावी लागतात आणि ती प्रत्येकाची भरतीलच असे नाही.

अग्निवीरची वयोमर्यादा उलटली, पोलीस भरतीत दोन-चार गुणांनी नाव गेले, आता टीए बघू, अशा क्रमाने आमच्याकडची मुले या मेळाव्याकडे वळतात. 42 वर्षांपर्यंतची वयोमर्यादा हे त्यांना मोठे आकर्षण वाटते. त्यात गैर काहीच नाही. मात्र घरी 'पोरगं मिलिटरीत लागलं' असे सांगून हातचे काम सोडून बसणारा मुलगा या सेनेच्या मूळ कल्पनेच्या अगदी उलट वागत असतो. ही सेना कायमच्या नोकरीची हमी देत नाही. अधिकारीपदासाठी तर उमेदवार पदवीधर आणि उपजीविकेचे साधन असलेला असावा, अशी अटच आहे. तेव्हा तयारीची पहिली पायरी मैदानावर नसून आपल्या कामाच्या ठिकाणी आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता मैदानाकडे येतो. आपल्याकडील बहुतेक अकादम्या पोलीस भरतीच्या वेळापत्रकावर चालतात. तेथे सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. टीएच्या मेळाव्यातही सोळाशे मीटर धावावे लागत असल्यामुळे, आपली तयारी झालीच आहे, असा मुलांचा समज होतो. पुढे बीम (आडव्या बारला लटकून हनुवटी बारच्या वर ओढणे), उडी मारून ओलांडायचा नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (अरुंद नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणे) असतो, गोळा नसतो. वर्षभर गोळा फेकलेला, दंड चांगले कमावलेला मुलगा बीमला लटकतो आणि तिसऱ्या ओढीला पाय झाडू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पाय झाडून, अंगाला झोका देऊन हनुवटी वर नेली तर ती ओढ मोजली जात नाही. हात कोपरात पूर्ण सरळ करून पुन्हा वर जावे लागते, आणि मुले नेमका हाच भाग चोरतात. सैन्य भरतीच्या प्रचलित कोष्टकात दहा ओढींना पूर्ण गुण असून सहाच्या खाली उमेदवार बाद होतो. टीएसाठी त्या-त्या मेळाव्याच्या जाहिरातीत छापलेला निकषच अंतिम मानावा, परंतु तयारी दहाचीच असावी.

बीम न येणाऱ्या मुलाला रोज बीमवर लटकवून ठेवून काही साधत नाही. स्टुलावर उभे राहून हनुवटी आधी बारच्या वर न्यावी आणि तेथून सावकाश, मनात पाच-सहा अंक मोजत, खाली यावे. हा व्यायाम एक दिवसाआड केला तर साधारण दोन महिन्यांत पाठ आणि दंड दोन्ही तयार होतात. गावात बार नसेल तर मंदिराच्या पत्र्याचा आडवा पाइप चालतो. मात्र तो वजन पेलतो का, हे आधी कोणा मोठ्या माणसाने पाहावे. तळहाताला घट्टे पडू नयेत म्हणून हातमोजे वापरणारी मुले मेळाव्यात उघड्या हाताने बीम धरताना घसरतात, म्हणून सराव उघड्या हातानेच करावा. खड्ड्यासाठीही वेगळा सराव लागतो. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, हे अंतर फार नाही. पण धावत येऊन कोणत्या पायावर उडी घ्यायची हेच ठरलेले नसले की मुलगा काठाशी अडखळतो.

धावण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान तेथेच होते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे चारशे मीटरच्या धावपट्टीवरील प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. मुले पहिली फेरी सत्तरीत मारतात, टाळ्या मिळवतात आणि तिसऱ्या फेरीला पोट धरून चालू लागतात. रोज पूर्ण सोळाशे वेळ लावून पळण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिने वेग वाढत नाही, फक्त नडगी दुखू लागते. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस ऐंशी सेकंदांच्या चारशे मीटरच्या पाच-सहा फेऱ्या मध्ये विश्रांती घेऊन माराव्यात, एक दिवस सहा-सात किलोमीटर गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने पळावे, आणि पूर्ण अंतराची वेळ दोन आठवड्यांतून एकदाच लावावी. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान केव्हाही बरे. दुखणे दाबण्यासाठी मेळाव्याच्या आदल्या रात्री इंजेक्शन घेण्याचा जो प्रकार काही अकादम्यांच्या आसपास चालतो, त्याबद्दल पालकांनी सावध असावे. उपाशीपोटी, पाणी न पिता, उन्हात पळणे जिवावर बेतते. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीची पाच किलोमीटरची धाव काही तरुणांच्या जिवावर बेतली होती, हे विसरले जाऊ नये.

वैद्यकीय तपासणीत बाद होणाऱ्यांची हळहळ वाटते, कारण त्यांच्यापैकी काहींना हे आधीच कळू शकले असते. कानातला मळ, किडलेले दात, मूळव्याध यांवर गावच्या डॉक्टरकडे वेळेत इलाज होतो. गुडघ्याला गुडघा लागणे, सपाट तळपाय, रंगांधळेपणा यांचे निदान दोन वर्षे पळून झाल्यावर मेळाव्यातच व्हावे, हे बरे नव्हे. हातावर, मानेवर हौसेने गोंदवून घेण्याआधी लष्कराचा नियम वाचावा, हेही सांगून ठेवतो. हल्ली जत्रेत गोंदवणाऱ्यांपुढे रांग असते.

कागदपत्रांची गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून दुर्लक्षित. आपल्या राज्याच्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते, आधार कार्डावर ते शेवटी असते, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांचे नाव गाळलेले असते. तिन्हींवर तोच मुलगा आहे हे आपल्याला कळते. टेबलापलीकडे बसलेल्या, कदाचित पंजाबातून किंवा केरळातून आलेल्या लेखनिकाला ते कळेलच असे नाही. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावे आणि शक्य असल्यास आधारवरील नाव गुणपत्रकाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, सरपंच किंवा पोलीस पाटलाचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र, नोकरी असल्यास मालकाचे ना हरकत पत्र हे सर्व मूळ प्रतींत लागते, आणि तहसील कचेरीतून दाखला मेळाव्याच्या आठवड्यात मिळत नाही, हे कोणालाही वेगळे सांगायला नको.

मुलाखतीचा खरा कस अधिकारीपदासाठी लागतो. तेथे लेखी परीक्षा, त्यानंतर मुलाखत, मग एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाची, पाच दिवसांची निवडप्रक्रिया आणि शेवटी वैद्यकीय तपासणी अशी वाट आहे. लेखी परीक्षेत तर्कक्षमता, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असते, आणि त्याचे वर्ग सगळीकडे मिळतात. मुलाखतीचे वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी पाठांतराचे असतात. 'मला देशसेवा करायची आहे' हे वाक्य समोरच्या अधिकाऱ्याने इतक्यांदा ऐकलेले असते की, तो पुढचा प्रश्न थेट विचारतो: तुम्ही बँकेत आहात, तर दोन महिने तुमचे टेबल कोण सांभाळणार? तुमच्या साहेबांना विचारले आहे का? शेती कोणाकडे असते? याची उत्तरे पाठ करता येत नाहीत, कारण त्यासाठी घरी आणि कामावर खरोखरच बोलणे झालेले असावे लागते. स्वतःच्या जिल्ह्याबद्दलही विचारतात. कोल्हापूरच्या मुलाला राधानगरीचे धरण कोणी बांधले आणि त्याचे स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात, हे सांगता येऊ नये आणि नाटो देशांची यादी मात्र तोंडपाठ असावी, हे चमत्कारिकच आहे. एसएसबीत उमेदवाराने स्वतः भरलेल्या माहितीपत्रकावरूनच प्रश्न निघतात. छंद म्हणून 'वाचन' लिहिणाऱ्याने शेवटचे वाचलेले पुस्तक आठवून ठेवावे.

चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहिणे, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य लिहिणे, गटचर्चा, दोरी आणि फळ्या वापरून गटाने अडथळा ओलांडणे या चाचण्यांची ओळख करून घ्यावी, परंतु तयार गोष्टी विकत घेऊ नयेत. ज्याने गावच्या गणेशोत्सवाचा हिशेब ठेवला आहे, महापुरात गुरे बाहेर काढली आहेत किंवा पाणी सोडण्यावरून होणारी भांडणे मिटवली आहेत, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते इंग्रजीत सांगावे लागेल या धास्तीने तो गप्प बसतो. दररोज दहा मिनिटे आपल्या कामाबद्दल मोठ्याने इंग्रजीत बोलण्याचा सराव केला तर ही धास्ती कमी होते, एवढे मी मुलांकडे पाहून सांगू शकतो. 2018 मधील दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिलांनाही टीएत अधिकारी होण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. आमच्या मैदानावर मुलीही येतात, मात्र त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

शेवटी मालकवर्गाबद्दल. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला काम करणारा मुलगा रात्री साडेअकराला घरी पोहोचतो आणि पहाटे पाचला मैदानावर येतो. त्याला मी सकाळी येऊ नको, दुपारी पाळीला जाण्यापूर्वी पळ, आधी सात तास झोप, असे सांगितले आणि त्याची वेळ सुधारली. पण त्याला ना हरकत पत्र मिळवताना जी वणवण करावी लागली, ती कोणत्याही व्यायामाने भरून येणारी नाही. लष्करी सेवेवरून परतलेल्या कर्मचाऱ्याला पूर्वीच्या कामावर घेण्याची तरतूद प्रादेशिक सेना कायद्यात आहे. ती कारखान्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या कार्यालयांत माहीत नसावी, असे दिसते. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांनी अशा पत्राचा एक नमुना तयार ठेवला तर काम एका दिवसाचे आहे.

आपल्याला विनंती अशी की, यापुढे टीएच्या मेळाव्याची बातमी देताना ही अर्धवेळ सेवा आहे, चाचणीत बीम आणि खड्डा आहे, कोणती कागदपत्रे मूळ प्रतीत लागतात आणि भरतीसाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, एवढ्या चार ओळी बातमीसोबत छापाव्यात. अधिक माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ताही दिला तर मुलांची एजंटांच्या दारातील फेरी वाचेल.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. कागल, जि. कोल्हापूर