डॉक्टर मॅडम, तुम्ही सासूबाईंचं अख्खं तोंड पाहिलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सासूबाईंचा बायॉप्सीचा, म्हणजे तोंडातला तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट हातात आला तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. दवाखान्यात तुमच्यासमोर आलं की बाहेर बाकावर ताटकळलेली माणसं दिसतात आणि 'थँक्यू मॅडम' म्हणून निघावं लागतं. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव लिहू नका असं तुम्हीच म्हणालात, ते लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागातल्या बायका पत्र कुणाला आहे ते बरोबर ओळखतील.

आम्ही आलो होतो दाढेसाठी. खालची उजवीकडची, किडून पोकळ झालेली. आत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) दुखलं की लवंग धरायच्या, फारच ठणकायला लागलं की मेडिकलमधून गोळी आणायला लावायच्या. दुखणं थांबलं की विषय संपला. गाल सुजला तेव्हा कुठे यायला तयार झाल्या. तुम्ही एक्स-रे काढलात, बीपी मोजलंत, साखर तपासायला लावलीत, सूज उतरायला औषध दिलंत. हे सगळं तर हवंच होतं. पण मला आभार मानायचेत ते त्यापुढच्या पाच मिनिटांचे.

"आजी, दाढ बघून झाली. आता सगळं तोंड बघू द्या," असं तुम्ही म्हणालात. गॉजमध्ये जीभ धरून दोन्ही कडा पाहिल्यात. जीभ वर उचलायला लावून खालची जागा पाहिलीत. गाल आतून बोटाने चाचपलात, टाळूवर बॅटरी मारलीत, जबड्याखाली आणि मानेला गाठ आहे का तेही पाहिलंत. शेवटी खालचा ओठ पुढे ओढलात आणि तुमचा हात थांबला. ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत एक पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. गॉजने पुसून पाहिलात, निघाला नाही. मग हातातला आरसा आत्यांना दिलात आणि विचारलंत, "मिश्री इथंच धरता ना?"

मी श्वास रोखून उभी होते. आता बोलणी बसणार असं वाटलं होतं, कारण मिश्रीवरून आत्यांनी आजवर फक्त बोलणीच खाल्ली आहेत, त्यात नातवंडांचीसुद्धा. तुम्ही विचारलंत, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापास्नं. सासूनंच शिकवलं." तुम्ही मान डोलावलीत आणि लिहून घेतलंत. त्या क्षणी आत्या तुमच्या झाल्या.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मिश्री म्हणजे तंबाखूच. पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. भाजताना अख्ख्या घराला ठसका लागतो. दात घासायची पूड म्हणून सुरुवात होते, मग सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, भांडी घासून झाल्यावर एकदा. व्यसन हा शब्द आमच्याकडे गड्यांच्या दारूला आणि गुटख्याला लावतात, बायकांच्या मिश्रीला कुणी लावत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. चुलीवर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवायचा म्हटल्यावर आमच्या घरात जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे आत्यांच्या भावापासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने सांगितलं. तुम्ही आत्यांच्या भावालाच दवाखान्यात बोलावून घेतलंत, हे मी विसरणार नाही. असे चट्टे सगळेच कॅन्सरकडे जात नाहीत, पण काही जातात, आणि कोणता जाणार हे नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून तुकडा तपासायचा. तपासल्याने काही पसरत नाही, उलट न तपासता वाट बघण्यात धोका आहे. इतकं साधं बोललात. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतलात, टाके घातलेत. रिपोर्टमध्ये पेशींत थोडे बदल निघाले, कॅन्सर निघाला नाही. रिपोर्ट वाचताना तुमचाही चेहरा सैल झालेला मी पाहिला, मॅडम.

मिश्री सोडवणं मात्र ऑपरेशनपेक्षा अवघड. "मिश्री लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई," हे आत्यांचं ब्रह्मवाक्य. तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत. निकोटिनची सवय लागलेल्या शरीराला तसं खरंच वाटतं, सोडल्यावर काही दिवस पोट कुरकुरतं, चिडचिड होते, डोकं दुखतं, हे आधीच सांगून ठेवलंत. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी जास्त, आणि तलफ आली की बडीशेप तोंडात टाकून दहा मिनिटं हाताला काम. तलफ तेवढ्यात ओसरते, हे तुमचं म्हणणं आत्यांनी घड्याळ लावून पडताळून पाहिलं! तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर, १८००-११-२३५६, तुम्ही कागदावर लिहून दिलात. तो मी स्वयंपाकघरात चिकटवला आहे आणि इथेही मुद्दाम लिहिते आहे. आता डबी रिकामी आहे. तुम्ही परवा पाहिलंत तेव्हा चट्टाही फिका पडला होता. तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचंच, ही तुमची ताकीद आत्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

हिरड्यांचंही राहिलं. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून आत्यांनी ब्रश सोडला होता. तुम्ही आरशात दाखवलंत, खालच्या पुढच्या दातांच्या मागे जिभेच्या बाजूला किटणाची चक्क भिंत झाली होती. लाळ तिथेच सुटते म्हणून किटण तिथे जास्त साचतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. रक्त ब्रशमुळे येत नाही, साचलेल्या घाणीने हिरडी सुजते म्हणून येतं, आणि ब्रश सोडला की सूज वाढते. त्यात साखर. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही, हे साखरेच्या डॉक्टरांनाही कळवायला तुम्ही चिठ्ठी दिलीत. दात साफ केले की हलायला लागतात, ही भीती आमच्या गावात घरोघरी आहे. किटण निघाल्यावर फटी दिसतात आणि गार पाणी काही दिवस झोंबतं, हे आधीच सांगितल्यामुळे आत्या घाबरल्या नाहीत.

आणि आमच्या धाकट्याला तर तुम्ही न मागता तपासलंत. सहा वर्षांचा आहे. दुधाच्या दाढांच्या मागे नवीन दाढ आली होती, तिच्या खाचेत काळं दिसायला लागलं होतं. दुधाचा दात पडला नाही, मग ही पण दुधाचीच, पडेल, असं बहुतेक आया समजतात. ही कायमची दाढ, सहाव्या वर्षी येते आणि ती पडून पुन्हा येत नाही, हे तुम्ही सांगितलंत म्हणून वेळेत भरली गेली. रात्री झोपताना दोन मिनिटं ब्रश, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, नंतर फक्त थुंकायचं, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. आता तो आजीवर लक्ष ठेवतो आणि आजी त्याच्यावर.

एक विनंती आहे, मॅडम. येत्या मंगळवारी आत्यांची तारीख आहे. त्यांच्याबरोबर बचत गटातल्या तिघीजणी येणार आहेत, तिघी मिश्रीवाल्या. त्यांच्यातली एक सुपारीही खूप खाते. तिला तिखट अजिबात सोसत नाही, तोंडात आग होते. तोंड पुरतं उघडतं का ते बघायला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तिला स्वतःची तीन बोटं उभी करून दातांत घालायला लावली, दोनच गेली. ती बोलायला बुजते आणि तिला दुपारच्या एसटीने परत जायचं असतं. तिला आधी आत घ्याल का?

आपली नम्र,
तुमच्या मिश्रीवाल्या आजींची सून